आठ मतांचा देश

४ मे १९८० ची संध्याकाळ. अ‍ॅड्रियाटिक समुद्राकाठच्या स्प्लिट शहरात हायदुक आणि बेलग्रेडचा रेड स्टार यांच्यात फुटबॉलचा सामना रंगला होता. एक संघ क्रोएशियातला, दुसरा सर्बियातला. ४१व्या मिनिटाला काही माणसं मैदानात आली, खेळ थांबला आणि राष्ट्राध्यक्ष टिटो गेल्याची घोषणा झाली. दोन्ही संघांतले खेळाडू रडू लागले, एकदोघे तर गवतावर कोसळलेच. भरलेलं मैदान उठून उभं राहिलं आणि टिटोंच्या नावानं शपथ घेणारं गाणं गाऊ लागलं. याच मैदानावर २६ सप्टेंबर १९९० ला बेलग्रेडच्याच पार्टिझन संघाशी सामना चालू असताना हायदुकचे चाहते आत घुसले, पाहुण्या खेळाडूंना त्यांनी पळवून लावलं आणि युगोस्लाव्हियाचा झेंडा उतरवून जाळून टाकला. त्यानंतर नऊ महिन्यांत देश फुटायला लागला.

यातला एक प्रसंग खरा आणि दुसरा बनावट, असं मानलं की काम सोपं होतं. १९८० चे अश्रू धाकापोटी होते आणि मनातलं १९९० मध्ये बाहेर आलं, असं राष्ट्रवादी सांगतात. जुन्या दिवसांत रमणारे नेमकं उलटं सांगतात: प्रेम खरं होतं, द्वेष पुढाऱ्यांनी पेरला. हे पुस्तक दोन्ही प्रसंग खरे धरून चालतं. त्यामुळे प्रश्न अवघड होतो, पण माझ्या मते विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे. ज्या व्यवस्थेनं इतक्या वेगवेगळ्या लोकांना पस्तीस वर्षं बऱ्यापैकी सुखानं एकत्र नांदवलं, त्याच व्यवस्थेच्या शिवणीवर तो देश का उसवला?

मराठी वाचकाच्या मनात युगोस्लाव्हियाची दोन चित्रं असतात. एक नेहरू, नासर आणि टिटो यांच्या फोटोचं, दुसरं नव्वदच्या दशकातल्या टीव्हीवरच्या जळत्या साराजेव्होचं. मधली पानं आपल्याकडे जवळजवळ कोरी आहेत. ती भरायची तर आधी देशाची मांडणी समजून घ्यावी लागेल. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, सर्बिया, माँटेनेग्रो आणि मॅसेडोनिया अशी सहा प्रजासत्ताकं. सर्बियाच्या पोटात व्होयव्होदिना आणि कोसोव्हो हे दोन स्वायत्त प्रांत. १९८१ च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आसपास, म्हणजे आजच्या मुंबई महानगर प्रदेशाच्या लोकसंख्येच्या जवळपास. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि मुसलमान असे तीन मुख्य धर्मसमूह, दोन लिप्या. बहुसंख्यांची भाषा सर्बो-क्रोएशियन, त्याशिवाय स्लोव्हेनियन आणि मॅसेडोनियन. अल्बेनियन आणि हंगेरियन बोलणारे वेगळे. त्या जनगणनेत सुमारे बारा लाख लोकांनी राष्ट्रीयतेच्या रकान्यात सर्ब किंवा क्रोएट असं न लिहिता ‘युगोस्लाव्ह’ असं लिहिलं. त्यात मिश्र विवाहांतली मुलं बरीच होती. देश गेल्यावर या लोकांना कोणीच वाली उरला नाही.

पहिला युगोस्लाव्हिया राजेशाहीचा. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरी कोसळल्यावर १ डिसेंबर १९१८ ला तो जन्मला आणि जन्मतःच भांडू लागला. १९२८ मध्ये क्रोएट शेतकरी पक्षाचे नेते स्टेपान राडिच यांना भर संसदेत गोळी घालण्यात आली. पुढच्याच वर्षी राजा अलेक्झांडरनं संसद गुंडाळून सत्ता हातात घेतली आणि १९३४ मध्ये मार्सेय इथे त्याचीही हत्या झाली. एप्रिल १९४१ मध्ये जर्मनीनं हल्ला केला तेव्हा हे राज्य अकरा दिवसांत शरण गेलं.

त्यानंतरची चार वर्षं एकाच वेळी परकीय आक्रमणाची, यादवीची आणि क्रांतीची होती. आंते पावेलिचच्या क्रोएट फॅसिस्ट उस्ताशा राजवटीनं क्रोएशिया-बोस्नियात सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची कत्तल मांडली. यासेनोवात्सची छावणी हे तिचं सगळ्यात भीषण ठिकाण. राजनिष्ठ सर्ब चेटनिकांनी मुसलमान आणि क्रोएट गावं कापली. या गदारोळात कुठल्याही जमातीचा माणूस ज्यात सामील होऊ शकत होता असं एकच मोठं सैन्य होतं, ते म्हणजे कम्युनिस्टांचे पार्टिझन. त्यांचा सेनापती योसिप ब्रोझ टिटो हा क्रोएट बाप आणि स्लोव्हेनियन आईच्या पोटी जन्मलेला, पेशानं कुलूप-किल्ल्यांचं काम करणारा कारागीर. २९ नोव्हेंबर १९४३ ला बोस्नियातल्या यायत्से गावी त्यांच्या परिषदेनं नवा देश संघराज्य असेल असं जाहीर केलं. युद्ध संपायच्या आधीच घटनेचा पाया घातला गेला होता. युद्ध संपताना शरण आलेल्या हजारो विरोधकांना पार्टिझनांनी खटल्याविना मारलं, हेही याच कथेत येतं. ‘बंधुत्व आणि एकता’ ही घोषणा झाग्रेब-बेलग्रेड महामार्गाला नाव म्हणून दिली गेली आणि तो रस्ता तरुणांच्या श्रमदान पथकांनी बांधला. पण कोणी कोणाला मारलं याचा मोकळा हिशेब त्या घोषणेखाली दाबून टाकला होता. चाळीस वर्षांनी तो वर आला तेव्हा आकडे फुगलेले होते.

१९४८ पर्यंत टिटो हा स्टालिनचा सगळ्यात उत्साही चेला होता. चेला फार स्वतंत्रपणे वागतो म्हणून २८ जून १९४८ ला कॉमिन्फॉर्म या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेनं युगोस्लाव्हियाला बाहेर काढलं. टिटोनं माघार घेतली नाही. स्टालिनच्या बाजूचे म्हणून ज्यांच्यावर संशय आला अशा हजारोंना गोली ओतोक या उजाड बेटावर दगड फोडायला पाठवलं गेलं. स्टालिनशी लढताना त्यांनी स्टालिनचीच हत्यारं वापरली. मात्र या भांडणामुळे त्यांना स्वतःचा वेगळा समाजवाद शोधणं भाग पडलं, आणि इथून हा देश खरा रंजक होतो.

जून १९५० च्या कायद्यानं कारखाने कामगारांच्या हाती दिले गेले. मालमत्ता सरकारचीही नाही आणि खासगीही नाही, तर ‘सामाजिक’. कामगार परिषद निवडून यायची, ती उत्पन्नाची वाटणी ठरवायची, संचालक नेमण्यात तिचा शब्द असायचा. कागदावर हे फार देखणं होतं आणि जगभरचे डावे अभ्यासक ते बघायला येत. प्रत्यक्षात संचालक बहुधा पक्षाचा माणूस असे. दुसरी अडचण त्याहून खोल होती. उत्पन्न पगारात वाटायचं की नव्या यंत्रात घालायचं, हे पगारदारांनीच ठरवायचं म्हटल्यावर पगाराचं पारडं जड होणार हे उघड होतं. मग यंत्रासाठी कर्ज. कर्ज देणाऱ्या बँका १९६५ च्या आर्थिक सुधारणांनंतर हळूहळू प्रजासत्ताकांच्या पुढाऱ्यांच्या हातात गेल्या, आणि प्रत्येकाला आपल्या हद्दीत स्वतःचा पोलाद कारखाना, स्वतःची रिफायनरी हवी झाली. समाजवादी म्हणवणाऱ्या या देशात उघड बेकारी होती. त्यावर सरकारनं काढलेला तोडगा दुसऱ्या कुठल्याही कम्युनिस्ट देशाला परवडला नसता: त्यांनी सीमा उघडली. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला दहा लाखांच्या आसपास माणसं पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रिया वगैरे देशांत कामाला होती आणि घरी मार्क पाठवत होती. युगोस्लाव्ह पासपोर्टवर पूर्वेलाही जाता येई, पश्चिमेलाही. लोक शनिवार-रविवार इटलीतल्या ट्रिएस्टला जाऊन जीन्स आणि कॉफी घेऊन येत.

हे सगळं एक पक्ष चालवत होता, आणि पक्षातल्या माणसानं फार बोललेलं चालत नसे. मिलोवान जिलास हा टिटोचा जवळचा सहकारी. पक्षाचे अधिकारी हाच नवा वरचा वर्ग झाला आहे असं त्यानं लिहिलं, आधी पदं गेली, मग तुरुंग वाट्याला आला. १९६६ मध्ये गुप्त पोलिसांचा सर्वेसर्वा अलेक्झांडर रांकोविच पडला, तेव्हा सर्बांना आपला माणूस गेला असं वाटलं आणि कोसोव्होतल्या अल्बेनियनांनी सुटकेचा श्वास घेतला. १९७१ मध्ये क्रोएशियातल्या सुधारणावादी नेत्यांना काढलं, त्यानंतर सर्बियातल्या उदारमतवाद्यांना. एका डोळ्यात काजळ घातलं की दुसऱ्यातही घालायचं, हे टिटोचं राजकारण. त्यात बोलके, कर्तबगार, मध्यममार्गी असे एका पिढीचे नेते दोन्हीकडे संपले. पुढच्या दशकात ज्यांची उणीव भासली ते हेच लोक होते, असं माझं मत आहे.

माणसं काढली, पण त्यांच्या मागण्यांपैकी बरंच काही १९७४ च्या राज्यघटनेत उतरवलं. ४०६ कलमांची ती घटना मुख्यतः एडवर्ड कार्देल या स्लोव्हेनियन विचारवंत नेत्याच्या डोक्यातून आली. सहा प्रजासत्ताकं आणि दोन प्रांत यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी सामूहिक अध्यक्ष मंडळावर. पक्षाच्या अध्यक्षाचीही एक खुर्ची होती, ती पुढे रद्द झाली. टिटोनंतर अध्यक्षपद दरवर्षी एकेकाकडे फिरणार. मोठ्या निर्णयांना जवळजवळ सगळ्यांची संमती हवी. कोणी कोणावर कुरघोडी करू नये म्हणून केलेली ही व्यवस्था होती. पण मतभेद झाले तर मिटवायचे कुठे? न्यायालयाला तेवढा मान नव्हता आणि देशभर एकाच वेळी मोकळी निवडणूक कधी झाली नव्हती. मिटवण्याची जागा एकच: पक्ष, आणि पक्षात टिटो.

टिटो गेले तेव्हा परदेशी कर्ज २० अब्ज डॉलरच्या घरात चाललं होतं. कॉफी दुर्मिळ झाली, पेट्रोलला कुपनं लागली, वीज ठरावीक वेळी जाऊ लागली. नाणेनिधीनं पट्टा आवळायला सांगितला. कोणाचा पट्टा किती आवळायचा यावरून समृद्ध स्लोव्हेनिया आणि दरिद्री कोसोव्हो यांच्यातली दरी उघडी पडली. दरडोई उत्पन्नात ती सात-आठ पटींची होती. मागास भागांच्या निधीसाठी आमच्याकडून पैसा काढता आणि तो पुतळ्यांवर उधळता, ही स्लोव्हेनियाची तक्रार. आम्हाला कच्चा माल पुरवायला लावून ठेवलंत, ही दक्षिणेची. १९८१ मध्ये कोसोव्होत विद्यापीठातल्या खाणावळीच्या तक्रारीवरून आंदोलन सुरू झालं आणि कोसोव्होला प्रजासत्ताकाचा दर्जा द्या या मागणीपर्यंत पोचलं.

मग सर्बियाचा नेता स्लोबोदान मिलोशेविच. या माणसाला राक्षस ठरवून मोकळं होण्याचा मोह होतो. त्याचं खरं कसब मात्र अंकगणिताचं होतं. ऑक्टोबर १९८८ मध्ये नोव्ही सादमध्ये जमावानं प्रांतिक सरकारच्या इमारतीवर दह्याची पाकिटं फेकली आणि व्होयव्होदिनाचे नेते राजीनामा देऊन गेले. जानेवारी १९८९ मध्ये माँटेनेग्रोत तेच झालं. मार्चमध्ये कोसोव्होची स्वायत्तता कापली. आठपैकी चार मतं आता एका खिशात. संघराज्याच्या घटनेला हात न लावता तिचा तोल गेला होता. जानेवारी १९९० मध्ये पक्षाच्या अधिवेशनात स्लोव्हेनियाच्या प्रतिनिधींची प्रत्येक दुरुस्ती फेटाळली गेली, ते उठून निघून गेले, पाठोपाठ क्रोएशियाचे गेले. त्या दिवशी देश संपला असं मी मानतो. जून १९९१ मधल्या स्वातंत्र्याच्या घोषणा हा नंतरचा पंचनामा.

तरीही एक प्रसंग सांगावासा वाटतो, कारण तो सगळ्या सोप्या सिद्धांतांना आडवा येतो. मार्च १९९१ मध्ये लष्करानं आणीबाणी पुकारण्यासाठी अध्यक्ष मंडळाची बैठक लष्कराच्याच इमारतीत बोलावली. ठरावाला पाच मतं लागत होती, चार हातात होती. पाचवं मत बोस्नियाच्या प्रतिनिधीचं, आणि तो बोगिच बोगिचेविच स्वतः सर्ब होता. सगळ्यांनी त्याला गृहीत धरलं होतं. त्यानं नकार दिला आणि ठराव बारगळला.

पुढच्या युद्धांबद्दल वाचकाला बरंच ठाऊक असतं, म्हणून इथे थोडक्यात. स्लोव्हेनियातली लढाई दहा दिवसांत आटोपली. क्रोएशियात वुकोव्हार शहर १९९१ च्या नोव्हेंबरात पडलं. बोस्नियात साराजेव्होचा वेढा १९९२ पासून १९९६ पर्यंत, आणि जुलै १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित म्हटलेल्या स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून जास्त मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले गेले. एकट्या बोस्नियात सुमारे एक लाख माणसं गेली. १९९९ मध्ये कोसोव्होवरून नाटोनं सर्बियावर अडीच महिने बॉम्ब टाकले. २००६ मध्ये माँटेनेग्रो सर्बियाबरोबरच्या संघातून बाहेर पडला, २००८ मध्ये कोसोव्होनं स्वातंत्र्य जाहीर केलं.

हे का झालं, यावर अभ्यासकांचे पंथ आहेत. ‘पुरातन वैर’ हा सर्वात लोकप्रिय आणि सर्वात आळशी पंथ. १९९३ मधल्या रॉबर्ट कॅप्लनच्या प्रवासवर्णनानं त्याला हवा दिली. बाल्कन म्हणजे मुळातच रानटी, ही पश्चिमेची समजूत कशी घडत गेली हे मारिया टोडोरोवानं १९९७ मध्ये दाखवल्यावर निदान विद्यापीठांत तरी तो मागे पडला. सुझन वुडवर्ड कर्जाकडे आणि काटकसरीच्या धोरणाकडे बोट दाखवतात: केंद्राचा खिसा रिकामा झाल्यावर लोक आपापल्या प्रजासत्ताकाकडे वळले. व्ही. पी. गॅग्नन म्हणतात की सत्ता जाऊ लागलेल्या पुढाऱ्यांनी विरोधकांना गप्प करण्यासाठीच युद्ध पेटवलं. अँड्र्यू वॉक्टेल संस्कृतीत उत्तर शोधतात. एक सामाईक युगोस्लाव्ह साहित्य, एक शालेय वाचन घडवण्याचा प्रयत्न साठच्या दशकात सोडून दिला गेला आणि तिथूनच ओहोटी लागली, असं त्यांचं म्हणणं. देयान योविच विचारसरणीला जबाबदार धरतात. राज्यसंस्था हळूहळू विरून जायला हवी हे मार्क्सवादी वचन कार्देलनं मनापासून मानलं आणि राज्य खरोखरच विरघळवलं.

मला स्वतःला व्हॅलरी बन्स यांची तुलना सगळ्यात जवळची वाटते. कम्युनिस्ट जगात संघराज्यं तीनच: सोव्हिएत संघ, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया. तिन्ही फुटली, आणि आपल्या अंतर्गत सीमांवरच फुटली. राष्ट्रांना घर, विधिमंडळ, अकादमी, पक्षशाखा देऊन वर फक्त पक्षाची गाठ ठेवली, की गाठ सुटल्यावर प्रत्येक घर तयार देश असतं. पण मग चेक आणि स्लोव्हाक १ जानेवारी १९९३ ला शांतपणे वेगळे झाले आणि इथे रक्त का सांडलं? एक कारण नेहमी नजरेआड राहतं. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्राग शहरात शिरल्यावर घाबरलेल्या बेलग्रेडनं पुढच्या वर्षी प्रत्येक प्रजासत्ताकात प्रादेशिक संरक्षण दल उभं केलं. परकीय शत्रूसाठी गावोगावी शस्त्रं साठवली गेली. शत्रू आलाच नाही, शस्त्रं मात्र देशातच राहिली.

भारताशी या देशाचं नातं फोटोपुरतं नव्हतं. १९५४ च्या डिसेंबरात टिटो स्वतःच्या जहाजातून मुंबईला उतरले, १९५६ मध्ये नेहरू आणि नासर त्यांना ब्रिओनी बेटावर भेटले, १९६१ मध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. इंदिरा गांधी टिटोंच्या अंत्ययात्रेला हजर होत्या. देश जळू लागल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती म्हणून गेले ते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी. भारतानं आजही कोसोव्होला मान्यता दिलेली नाही.

आज हे का वाचायचं, याचं एक उत्तर युरोपच्या नकाशावर आहे. फुटणाऱ्या संघराज्याच्या अंतर्गत सीमा हीच आंतरराष्ट्रीय सीमा मानायची, हे तत्त्व युरोपीय समुदायानं नेमलेल्या बादिंतेर आयोगानं युगोस्लाव्हियासंदर्भात मांडलं. आणि कोसोव्होचं उदाहरण पुढे करून रशियानं क्रायमिया गिळला. बोस्निया अजूनही तिथलं युद्ध संपवणाऱ्या डेटन करारात जोडलेल्या राज्यघटनेवर चालतो, आणि तिथले तीन अध्यक्ष बघताना १९७४ ची सावली दिसते. दुसरं उत्तर आपल्या जवळचं. भाषावार राज्यं दिली तर देश फुटेल, असं आपल्याकडे पन्नाशीच्या दशकात जाणते लोक म्हणत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे वाक्य पुष्कळ ऐकवलं गेलं. राज्यं झाली, देश टिकला. युगोस्लाव्हियाकडे प्रजासत्ताकं होती, पण देशभर मतं मागणारे, एका राज्यात हरून दुसऱ्यात जिंकणारे पक्ष नव्हते. १९९० मध्ये पंतप्रधान आंते मार्कोविच यांनी तसा पक्ष काढला, तोवर प्रजासत्ताकांच्या निवडणुका सुरू झाल्या होत्या. कर देणारी राज्यं आणि घेणारी राज्यं यांच्यातली कुरबुर आपल्याकडेही वाढते आहे. तुलना ताणू नये, पण स्लोव्हेनियाची तक्रार वाचताना मराठी वाचकाला ती अगदीच अनोळखी वाटणार नाही.

या पुस्तकातले लेख एका मताचे नाहीत आणि तसे करण्याचा प्रयत्नही केलेला नाही. दोन लेखकांचं तर मिलोशेविचच्या बाबतीत एकमेकांशी अजिबात पटत नाही. दोन्ही लेख शेजारी ठेवले आहेत. लढायांचे नकाशे आणि सेनापतींच्या हालचाली इथे सापडणार नाहीत. कारखाना, बँक, शाळेचं क्रमिक पुस्तक, जनगणनेचा अर्ज आणि पक्षाची बैठक यांना जास्त जागा दिली आहे, कारण मराठीत त्याबद्दल फारसं लिहिलं गेलेलं नाही. मॅसेडोनियावर एकच छोटा लेख आहे, ही उणीव आहे. कोसोव्होवर तीन आहेत आणि तरी अपुरे वाटतात. विषयाची अजिबात ओळख नसलेल्या वाचकानं पहिल्या पानापासून सुरुवात करण्याची गरज नाही. त्यानं १९७४ च्या घटनेवरचा लेख आधी वाचावा, तो जरा किचकट आहे, मग मागे युद्धकाळाकडे किंवा पुढे फुटीकडे हवं तसं जावं.